पहिल्या फेरीत उधळलेला दम

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे, बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात राहतो. शेतात वडिलांना मदत करून पोलीस भरतीची तयारी करतोय. दोन महिने झाले, रोज पहाटे मित्रांबरोबर १६०० मीटर पळतो, पण वेळ ६ मिनिटं ४० सेकंदांच्या खाली येतच नाही. पहिली फेरी १ मिनिट २० सेकंदांत निघते. दुसरीतच दम लागतो, तिसरीत उजव्या बरगडीखाली कळ येते आणि चौथी कशीबशी ओढतो. एक मित्र म्हणतो, तोंड बंद ठेवून नाकानंच श्वास घे. दुसरा म्हणतो, तुझी छाती कमी पडते, फुगवायचा व्यायाम कर. मोजमापात माझी छाती ७९ आणि फुगवून ८४ सेंटिमीटर, जेमतेम बसते. एकानं इंजेक्शनही सुचवलं. काही जणांत स्टॅमिना नसतोच का? आता वय निघून गेलं का? धाकटी बहीण ८०० मीटरची तयारी करते, ती तर एका फेरीतच खाली बसते.

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना आम्ही एका आकड्यापाशी थांबलो : पहिली फेरी १ मिनिट २० सेकंद. हाच वेग चारही फेऱ्या टिकला असता तर १६०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत झाले असते. तुला लागतात ६:४०, म्हणजे सरासरी १०० सेकंदांची फेरी. पहिली ८० सेकंदांत संपवल्यावर उरलेल्या तीन फेऱ्यांना तू ३२० सेकंद घेतोस, दर फेरीला जवळजवळ १०७. आज तुझं शरीर १०० च्या आसपासची फेरी पेलतं आणि तू त्याच्याकडून पहिल्याच फेरीत ८० मागतोस. दम तिथेच उधळला जातो. पुढच्या तीन फेऱ्या त्याची फेड करण्यात जातात.

दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे मित्रांचे निम्मे सल्ले आपोआप गळून पडतील. ऑक्सिजन संपतो म्हणून धाप लागते, असं बहुतेकांना वाटतं. पण निरोगी माणसानं जोरात पळून आल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावला तरी आकडा साधारण ९५ च्या पुढेच असतो. श्वासाची घाई होते ती मुख्यतः शरीरात जास्त तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायला. वेग झेपणारा असतो तोवर स्नायू ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवतात आणि कार्बन डायऑक्साइड जेवढा तयार होतो तेवढा सहज बाहेर पडतो. वेग त्यापुढे गेला की स्नायू साखर अर्धवट मोडून भराभर ऊर्जा काढतात आणि रक्तात आम्लता वाढते. ही आम्लता शमवताना रक्तातल्या बायकार्बोनेटपासून आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर फेकायला श्वास एकदम वाढतो. तुझी दुसऱ्या फेरीतली धाप ही आहे.

त्यात सुरुवातीची दोन-तीन मिनिटं वेगळीच. विहिरीवरची मोटर चालू केली की पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, तसंच रक्तातून ऑक्सिजनचा पुरवठा पूर्ण जोरात यायला दोन-तीन मिनिटं लागतात. अंग थंड असताना उभ्या उभ्या ८० च्या वेगानं सुटलास की पुरवठा सुरू व्हायच्या आत तू उधारीवर पळत असतोस. म्हणून पळण्याआधी अंग गरम करायचं. १० मिनिटं : पहिली ४ भरभर चालणं, पुढची ४ अगदी हळू पळणं, शेवटच्या दोनात १५-१५ सेकंदांच्या दोन मोकळ्या धावा. उभं राहून हात-पाय ताणणं म्हणजे अंग गरम करणं नव्हे, त्यानं हृदयाची गती वाढत नाही.

आता छातीचं. ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त ही भरतीतली पात्रतेची अट आहे. ती पार झाली की तिचा तुझ्या पळण्याशी संबंध संपतो. निरोगी तरुणाच्या पळण्याला फुप्फुसं क्वचितच आड येतात. बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो, जोरात पळताना तीच फुप्फुसं १०० लिटरच्या पुढे जातात. कमी पडतं ते पुढचं काम : हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं, पायांच्या स्नायूंत केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) किती आहेत आणि पेशींमधल्या तंतुकणिका (ऊर्जा बनवणारे बारीक भाग) तो ऑक्सिजन किती वेगानं वापरतात. यातलं काहीच छाती फुगवून बदलत नाही. बदलतं ते महिनोन्‌महिने सावकाश, लांब पळण्यानं. ते कसं करायचं ते पुढे सांगतो.

छातीवर लक्ष ठेवून पळण्याचा तोटाही आहे. छाती वर उचलून घेतलेला श्वास उथळ असतो. नाक, घसा आणि श्वासनळ्या यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर हवा नुसती अडकून राहते, ती फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. एका श्वासात ४०० मिलिलिटर हवा घेतलीस तर कामाला येते २५०. दीड लिटर घेतलीस तर १३५० येते. त्यामुळे भराभर आणि उथळ श्वास घेणारा थकतो जास्त आणि त्याच्या पदरात हवा पडते कमी. खोल श्वासाचं काम छाती-पोटाच्या मधलं श्वासपटल करतं. ते खाली उतरलं की पोट पुढे येतं, म्हणून याला पोटानं श्वास घेणं म्हणतात.

याचा सराव झोपून सुरू कर. पाठीवर झोप, गुडघे दुमड, बेंबीच्या थोडं वर किलोभर डाळीची पिशवी ठेव. नाकानं चार मोजेपर्यंत श्वास घे, पिशवी वर गेली पाहिजे आणि गळ्याची हाडं हलता कामा नयेत. मग ओठ थोडे पुढे काढून, गरम चहावर फुंकर घालतो तसा, सहा मोजेपर्यंत सोड. रात्री झोपताना ५ मिनिटं. आठवडाभरानं हाच श्वास बसून, मग चालताना, मग हळू पळताना. थेट पळण्यात आणायला गेलास तर जमणार नाही, कारण पळताना पोटाचे स्नायू धड सरळ ठेवण्याच्याही कामात असतात. पट्टा किंवा ट्रॅक पँटची नाडी करकचून बांधू नकोस, पोटाला पुढे यायला जागा हवी.

यात श्वास सोडण्याकडे लक्ष जास्त दे. 'श्वास अडकतो' असं मुलं म्हणतात तेव्हा बहुतेकदा आतला श्वास पुरता सोडलेला नसतो आणि वरून नवा भरायची धडपड चाललेली असते. पूर्ण सोडलास की पुढचा आपसूक येतो. तिसऱ्या फेरीत खांदे कानांकडे चढतात आणि मुठी आवळल्या जातात, तेही श्वास कोंडतं. दर २०० मीटरला एकदा हात खाली सोडून झटक, जबडा सैल सोड, मग पुन्हा कोपर काटकोनात आण.

नाकानंच श्वास घे म्हणणाऱ्या मित्राचं अर्धं बरोबर आहे. सावकाश पळताना नाकानं श्वास घेता येत असेल तर वेग योग्य आहे, इतका त्याचा उपयोग. हवा गाळून, ओलसर होऊन आत जाते हेही खरं. पण हवेची गरज मिनिटाला ३५-४० लिटरच्या वर गेली की माणूस आपोआप तोंड उघडतो, कारण नाकपुड्यांतून तेवढी हवा ओढायलाच श्वासाच्या स्नायूंना फार कष्ट पडतात. १६०० मीटर पळताना तोंड बंद ठेवणं म्हणजे चारीला पाणी सोडून दार अर्धं लावून ठेवणं. नाक आणि तोंड, दोन्ही उघडे ठेव. श्वास रोखून धरायचे सराव, तोंडाला बांधायचे 'ट्रेनिंग मास्क' यांनी पळण्याचा दमसास वाढत नाही, त्यावर पैसे घालवू नकोस. कपालभाती करत असलास तर पळण्याच्या अगदी आधी नको : भराभर श्वास सोडून रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि सुरुवातीलाच चक्कर येऊ शकते. अनुलोम-विलोम मन शांत करायला चांगलं, खुशाल कर, पण ते पळण्याची जागा घेत नाही.

श्वासाला पावलांशी बांधून घेतलंस तर वेगावर ताबा राहतो. सावकाश पळताना तीन पावलांत श्वास आत, तीन पावलांत बाहेर. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर हे सुमारे २८ श्वास होतात. मध्यम जोराला दोन आत, दोन बाहेर, म्हणजे ४२ च्या आसपास. शेवटच्या २०० मीटरला दोनात आत आणि एकात बाहेर होतं, ते होऊ दे, तिथे मोजत बसू नकोस. याचा खरा उपयोग वेगमापकासारखा आहे. सावकाश पळायच्या दिवशी तीन-तीन मोडून दोन-दोन व्हायला लागलं तर तुझा वेग वाढलाय, घड्याळ बघायची गरजच नाही. सुरुवातीला मोजणी कृत्रिम वाटते, पावलं अडखळतात. पाच मिनिटं मोज, पाच मिनिटं सोडून दे, दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. चढावर किंवा वाऱ्याविरुद्ध मोजणी बदलणारच, तिथे वेग कमी कर आणि श्वासाला त्याचं काम करू दे.

उजव्या बरगडीखालच्या कळीला घाबरू नकोस, नवीन पळणाऱ्यांना ती फार येते. पोटाच्या आतल्या आवरणाला होणारा त्रास हे तिचं एक कारण मानलं जातं आणि भरलेलं पोट तिला हमखास बोलावतं. पळण्याआधी अर्ध्या तासात ग्लासभर ग्लुकोजचं पाणी पिण्याची पद्धत अनेक ग्राउंडांवर दिसते. साखरेचं घट्ट पाणी पोटातून लवकर पुढे सरकत नाही, ते आत डुचमळतं आणि कळ येते. जेवण पळण्याआधी किमान अडीच-तीन तास आटपलेलं असावं. पहाटे उठल्यावर एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि अर्धा ग्लास पाणी, ४५ मिनिटं आधी, इतकं पुरतं. कळ आलीच तर थांबून बसू नकोस. वेग कमी कर, दुखत्या जागी बोटांनी आत दाब, किंचित पुढे वाक आणि उजवा पाय टेकताना ज्या लयीत श्वास सोडतोस ती बदलून डावा पाय टेकताना सोड. बहुतेक वेळा मिनिट-दोन मिनिटांत ती उतरते.

आता स्टॅमिना. १६०० मीटर पळताना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ८० टक्के ऑक्सिजनच्या वाटेनं येते. म्हणजे तुझी परीक्षा मुख्यतः दमाची आहे. आणि दोन महिने तू रोज काय केलंस? रोज परीक्षाच दिलीस, अभ्यास केलाच नाहीस. रोज जीव तोडून १६०० मीटर पळण्यात एकूण पळणं होतं जेमतेम पावणेसात मिनिटं. एवढ्यानं केशवाहिन्या आणि तंतुकणिका वाढत नाहीत, थकवा मात्र साचत जातो. उद्यापासून चार आठवडे १६०० ची वेळ लावणं पूर्ण बंद. मित्र लावतील, चिडवतील, तू लावू नकोस.

त्याआधी एक काम : तुझी फेरी खरंच ४०० मीटरची आहे का ते बघ. शाळेच्या मैदानाची फेरी बहुधा त्याहून लहान असते आणि कोणीतरी अंदाजानं सांगितलेलं अंतर वर्षानुवर्षं तसंच चालत राहतं. ३० मीटरची टेप घेऊन आतल्या कडेनं मोज. महामार्गाच्या कडेला किलोमीटरच्या दगडांमध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, तेही चालतील, पण वाळूचे टिपर धावणाऱ्या रस्त्यावर अंधारात पळू नकोस. पळायचंच असेल तर समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या बाजूनं, डांबर सोडून मातीच्या पट्टीवर आणि अंगात फिकट रंगाचा शर्ट घालून.

पहिले चार आठवडे : आठवड्यातून पाच दिवस पळ, दोन दिवस पूर्ण विश्रांती. शेतातली खुरपणी-फवारणी जास्त झाली त्या दिवशी विश्रांती घे, अंगाला दोन्ही कष्ट सारखेच. पाचातले चार दिवस सावकाश, पहिल्या आठवड्यात २० मिनिटं, चौथ्यापर्यंत ३५. वेग इतका की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त झालं. तुझ्या आजच्या वेळेवरून तो किलोमीटरला साडेसहा ते सव्वासात मिनिटं निघतो. 'एवढं हळू? हे तर म्हाताऱ्यांचं पळणं' असं तुला वाटेल. तसंच वाटायला हवं. सलग जमलं नाही तर ४ मिनिटं पळ, १ मिनिट चाल, असं वेळ भरेपर्यंत. चालण्यात कमीपणा नाही, त्यानं एकूण वेळ वाढतो आणि शरीर त्या वेळेलाच उत्तर देतं. पाचव्या दिवशी २० मिनिटं सावकाश पळून शेवटी ८०-८० मीटरच्या सहा मोकळ्या धावा, मधे पूर्ण दम येईपर्यंत चालणं. या धावांत पाय वेगाची सवय विसरत नाहीत आणि धाप लागायच्या आत त्या संपतात.

पाचवा ते आठवा आठवडा : तीन दिवस सावकाश ३० ते ४० मिनिटं, एक दिवस लांब, ५० मिनिटांपर्यंत. पाचव्या दिवशी ४०० मीटरच्या पाच फेऱ्या, प्रत्येक ९५ सेकंदांत, मधे २ मिनिटं चालणं. पहिली ९५ मध्ये हवी आणि पाचवीही ९५ मध्ये. पहिली ८५ मध्ये मारलीस तर तो दिवस वाया गेला असं समज, कारण शिकायचं आहे ते वेग वाटून घेणं. हे नीट जमलं की सहा फेऱ्या. चौथ्या आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन, १६०० ची एकदा वेळ लाव.

नववा ते अकरावा : दोन दिवस जोराचे, त्यांच्या मधे किमान दोन दिवसांचं अंतर. एका दिवशी ८०० मीटर दोनदा, प्रत्येकी ३ मिनिटं ५ सेकंदांच्या आसपास, मधे ४ मिनिटं विश्रांती. दुसऱ्या दिवशी २०० मीटर आठ वेळा, प्रत्येकी ४३ सेकंद, मधे दीड मिनिट चालणं. आठव्या आठवड्यातल्या वेळेप्रमाणे हे आकडे एक-दोन सेकंदांनी पुढे-मागे कर. बाकी सगळं सावकाश. बाराव्या आठवड्यात पळणं निम्म्यावर आण. त्या आठवड्यात जास्त पळून काही कमावता येत नाही, थकवा मात्र घेऊन भरतीच्या ग्राउंडवर जाशील.

एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. दम लवकर सुधारतो : पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातलं पाणी वाढतं आणि हृदयाचं काम हलकं होतं, पाच-सहा आठवड्यांत स्नायू बदलतात. हाडं आणि स्नायुबंध मात्र कित्येक महिने घेतात. त्यामुळे सहाव्या आठवड्यात मुलाला वाटतं, आता मी कितीही पळू शकतो, आणि नडगी दुखायला लागते. एकूण मिनिटं वर सांगितलीत त्यापेक्षा भराभर वाढवू नकोस. नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच बिंदूवर कळ येत असेल तर पळणं थांबव आणि दाखव, हाडाला तडा असू शकतो.

वय निघून गेलं का, असं विचारलंस. तुझ्याच जिल्ह्यातले, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे १९९४ चे. सैन्यात गेल्यावर, सियाचीनची ड्युटी करून आल्यावर, २०१५ मध्ये ते स्पर्धेच्या पळण्याकडे वळले, म्हणजे तेव्हा ते तुझ्याच वयाचे होते. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्यपदक त्यांनी आणलं. दम काही अंशी उपजत असतो हे खरं, सगळे साबळे होत नाहीत. पण ६:४० वरून सहा मिनिटांकडे यायला उपजत देणगी लागत नाही, त्याला लागतात ते शिस्तीचे महिने.

बहिणीबद्दल थोडं वेगळं. ८०० मीटर म्हणजे दोनच फेऱ्या, पण त्यातही निम्म्याहून जास्त ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेनं येते, म्हणून पहिल्या चार आठवड्यांचा क्रम तिलाही तोच. पळताना पहिली फेरी दुसरीपेक्षा दोन-तीन सेकंदांहून जास्त वेगात नको. पण पळण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ऑक्सिजन वाहून नेणारं साधनच कमी आहे, मग कितीही सराव केला तरी धाप लागणार. ती एका फेरीत बसते याला आळस किंवा नाजूकपणा म्हणण्याआधी हा आकडा हातात असू दे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर नकोत, आधी-नंतर एक तास चहा टाळायचा. लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर लोह जास्त मुरतं. शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. गूळ-शेंगदाणे खावेतच, पण एवढ्यानं खाली गेलेलं हिमोग्लोबिन वर येत नाही. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं. पळताना आतले कपडे आधार देणारे हवेत, पण पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बरगड्या आवळल्या तर श्वास उथळच राहतो.

इंजेक्शनला स्पष्ट नकार दे. बाटलीत काय आहे हे देणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. उत्तेजक औषधं थकव्याची जाणीव दाबतात, आणि उन्हात, पोटात पाणी कमी असताना, तीच जाणीव जीव वाचवत असते. वेदनाशामक गोळी खाऊन पळणंही नको, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्यातल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना तरुण उमेदवारांचे जीव गेले. ती मुलं तुझ्यासारखीच होती. म्हणून ऊन आणि दमटपणा हलक्यात घेऊ नकोस. मे-जूनमध्ये भरती लागली तर आधीचे १०-१४ दिवस थोडं थोडं उन्हात पळून शरीराला सवय लाव. पळताना अंगावर काटा येणं, बोलण्यात गोंधळ, तोल जाणं यातलं काही दिसलं तर त्या क्षणी थांबायचं, सावलीत जायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि सोबतच्यांनी दवाखाना गाठायचा.

आणखी काही खुणा आहेत, ज्या धापेच्या नेहमीच्या हिशोबात बसत नाहीत. साधी धाप थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरते. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी उलट छाती आवळते, खोकला येतो, श्वासात शिट्टीसारखा आवाज येतो, असं होत असेल तर तो पळण्यानं उठणारा दमा असू शकतो. त्याची फुंकून करायची तपासणी असते आणि त्यावर चांगले उपचार आहेत, दमा असलेले लोकही नीट औषध घेऊन पळतात. पळताना छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, हृदयाची अनियमित धडधड किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय जोरात पळायचं नाही. हे सदर वाचणारे विदर्भातले आणि नंदुरबारकडचे जे उमेदवार असतील त्यांनी सिकलसेलची (लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी एकदा करून घ्यावी. ज्याला त्रास जाणवत नाही अशा वाहकालाही अति जोराच्या पळण्यात, उन्हात, धोका होऊ शकतो.

ग्राउंडच्या दिवशी तुला पहाटेपासून रांगेत, मोजमापात, छातीवरचा नंबर घेण्यात ताटकळावं लागेल आणि मग अचानक तुझ्या तुकडीला उभं करतील. बसून अंग थंड झालेलं असतं. तुझ्या आधीची तुकडी पळायला लागली की उठ आणि जागच्या जागी का होईना, ८-१० मिनिटं हलकं पळत राहा. शिट्टी वाजली की सगळे आतली कडा गाठायला सुटतील, तुला ढकलतील. त्यांच्यामागे जाऊ नकोस, पण पहिल्या वळणानंतर हळूहळू आत सरक. दुसऱ्या पट्टीतून पळालास तर दर फेरीला सुमारे ७ मीटर जास्त होतात, चार फेऱ्यांना २८, म्हणजे तुझे जवळपास ७ सेकंद.

लक्ष्य ६:१० असेल तर फेऱ्या ९२, ९३, ९३, ९२. पहिल्या पावलापासून दोन-दोनचा श्वास धर, गरज वाटत नसली तरी. पहिल्या फेरीच्या शेवटी तू मागे असशील आणि जीव कासावीस होईल. दुसऱ्या फेरीच्या अखेरीस पुढचे एकेक गळायला लागतील. तिसरी फेरी सगळ्यात अवघड, तिथे वेग आपोआप पडतो, म्हणून तिथे श्वास सोडण्याकडे आणि हातांच्या हालचालीकडे लक्ष दे. शेवटच्या २०० ला मोजणी सोड आणि असेल नसेल ते लाव. रेषा ओलांडल्यावर लगेच खाली बसू नकोस. पायांत रक्त साचून चक्कर येते. गुडघ्यांवर हात टेकून दोन श्वास घे आणि मग पाच मिनिटं चालत राहा.

सावकाश पळायच्या दिवसांची वही ठेव : तारीख, किती मिनिटं, तीन-तीनचा श्वास कुठपर्यंत टिकला, कळ आली का. चार आठवड्यांनी १६०० ची वेळ लावशील तेव्हा नुसती शेवटची वेळ पाठवू नकोस, चारही फेऱ्यांच्या वेगवेगळ्या वेळा आणि बहिणीच्या हिमोग्लोबिनचा आकडा लिहून पाठव. त्यावरून पुढच्या फेऱ्यांचे सेकंद ठरवू.